दोष आधी सांगणारा एजंट

"डॉक्टर, या बाईंनी माझ्या फ्लॅटचा ताबा घेतलाय. करार नाही, ओळख नाही... आणि मी विचारायला गेलो तर मलाच बाहेर काढलं!"

दवाखान्याच्या दारात एक तरुण उभा होता. छातीशी पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यातून कुणाचं तरी रागीट फिसकारणं. त्याच्या मनगटावर ताजे ओरखडे होते. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा होता, की तो आत आला तेव्हा बाकापाशी बसलेल्या सगळ्या कुत्र्यांनी एकदम कान टवकारले.

टेबलामागच्या डॉक्टर तरुणीने खोक्याचं झाकण किंचित उघडून पाहिलं. करडी मांजर होती. मागचा एक पाय तिने उचलून धरला होता.

"कुठे सापडली?"

"रिकाम्या फ्लॅटमध्ये. मी एजंट आहे, जागा दाखवतो. गिऱ्हाइकांना म्हटलं, स्वयंपाकघर बघा, अगदी मोकळं आहे... आणि ओट्याखालून ही निघाली. गिऱ्हाईक जे जिना उतरायला लागलं, ते अजून उतरतंच असेल."

ती हसली नाही. "धरा तिला. मानेपाशी. घट्ट."

त्याने धरलं. ती पाय तपासू लागली. तिच्या बोटांना अजिबात घाई नव्हती. मांजर हळूहळू गप्प झाली, आणि तिच्याबरोबर, का कोण जाणे, तोही गप्प झाला. पंजात रुतलेला काचेचा तुकडा तिने चिमट्याने अलगद बाहेर काढला, जखम धुतली, पट्टी बांधली.

"तुम्ही कधीच हसत नाही का?" शेवटी त्याने विचारलं.

"कामाच्या वेळी नाही."

"मग काम संपल्यावर येऊन विचारतो."

तिने वर पाहिलं. नजर डॉक्टरचीच होती, पण नेहमीपेक्षा क्षणभर जास्त थांबली. "हात पुढे करा, ओरखडे धुऊ या. इंजेक्शन मात्र माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन घ्या."

"म्हणजे तुमच्याकडे माझी सोय नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा अगदी जरासा हलला. त्याने तो पाहिला. ज्याला रोज बंद दारं उघडायची असतात, त्याला दार जरासं किलकिलं झालेलं बरोबर कळतं.

"हिला आता घर बघायला हवं," ती खोक्याकडे पाहत म्हणाली.

"ते माझ्यावर सोडा." तो वळला, आणि दाराला आतून चिकटवलेला कागद त्याच्या नजरेला पडला. दवाखाना महिनाअखेर बंद होणार, असं त्यावर लिहिलं होतं. तो थांबला. "आणि... तुम्हाला?"

*

दवाखाना तिचा नव्हता. तो होता मोठ्या डॉक्टरांचा. त्यांच्या हाताखाली ती शिकली, तिथेच कामाला लागली, आणि आता हात कापायला लागल्यावर ते आपल्या मुलीकडे राहायला निघाले होते. जागा विकली गेली होती. नव्या मालकाला तिथे चष्म्यांचं दुकान काढायचं होतं.

तिला स्वतःचा दवाखाना हवा होता. घरच्यांना तो हट्ट वाटत होता. दादाने तिच्यासाठी दुसऱ्या गावी एक नोकरी बघून ठेवली होती—पशुखाद्याची कंपनी, काचेची केबिन, दिवसभर कागदांवर सह्या. दादा वाईट नव्हता. तो फक्त लवकर काळजीत पडायचा. "महिनाअखेरपर्यंत जागा मिळाली तर तुझं खरं," तो म्हणाला होता. "नाही मिळाली, तर माझं ऐकायचं. कबूल?" आणि ती, शब्द दिला की मागे न घेणारी, कबूल म्हणून बसली होती.

एजंटांचा तिचा अनुभव मात्र चांगला नव्हता. एका सफारी सूटवाल्याने तिला एक जागा दाखवली होती. "मॅडम, शांत परिसर. टाचणी पडली तरी ऐकू येईल." खरंच ऐकू आली असती. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सहज तिकडून गेली, तेव्हा शेजारच्या भिंतीआड लाकडं कापण्याची गिरणी जोरात चालू होती. आदल्या दिवशी गिरणीची साप्ताहिक सुट्टी होती, आणि सफारीवाल्याने जागा दाखवायला नेमका तोच दिवस निवडला होता.

म्हणून ती या नव्या एजंटला सरळ म्हणाली, "मला गोड बोलणं नको. जागा हवी. पाण्याचा नळ, रुंद दार, मागे थोडं अंगण. आणि मालकाला कुत्र्यामांजरांचं वावडं नको."

"गोड बोलता येत असतं तर मी मिठाईचं दुकान काढलं असतं," तो म्हणाला. "उद्या सकाळी निघू."

वस्तीत सगळे त्याला किल्लीवाला म्हणत. लवकरच तीही म्हणू लागली. आधी मनातल्या मनात, मग मोठ्याने.

पहिली जागा उताराच्या तळाशी होती. कुलूप उघडून तो बाजूला झाला आणि म्हणाला, "या दुकानाला दोन वाटा आहेत. पुढून गिऱ्हाईक येतं, मागून पाणी. दोघांत पाणी जास्त भरवशाचं."

ती मागे गेली. भिंतीला गुडघ्याइतकी ओल होती. "मग दाखवलीत कशाला?"

"तुमच्या यादीत नळ होता ना."

दुसऱ्या जागेचा मालक म्हणे दर आठवड्याला जागा तपासायला यायचा. "मनाने फार चांगला आहे," किल्लीवाला म्हणाला, "पण मन घरी ठेवून येतो." तिसऱ्या जागेचं छत इतकं खाली होतं की त्याने आत शिरतानाच वाकून नमस्कार केला. "इथे नम्र माणसंच टिकतात," तो म्हणाला. तिने मान खाली घातली... पण खांदे हलताना त्याला दिसले.

चौथ्या ठिकाणी मालकीणबाई वरच्या मजल्यावरच राहायच्या. प्राण्यांचा दवाखाना म्हटल्याबरोबर त्या दोन्ही हात हलवू लागल्या. "नको गं बाई! कुत्री दिवसभर भुंकणार."

"काकू," किल्लीवाला अगदी गंभीरपणे म्हणाला, "आजारी कुत्रं भुंकत नाही. गप्प पडून राहतं. भुंकायला लागलं की समजायचं, बरं झालं. म्हणजे जेवढा आवाज, तेवढा डॉक्टरांच्या हाताला गुण."

काकूंना हसू फुटलं. "आणि मग मला ऐकू यायचं बंद झालं की?"

"की तुम्हीही खाली या. डॉक्टर बघतील."

काकू इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. त्यांनी चहा केला, बसवून घेतलं, आपल्या लहानपणच्या बकरीची गोष्ट सांगितली. जागा द्यायला अर्ध्या तयारही झाल्या. पण त्यांच्या मुलाने फोनवर नकार दिला. निघताना काकूंनी तिचा हात हातात घेतला. "वाईट वाटून घेऊ नकोस हं."

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की आज नकार मिळूनही मन खट्टू झालं नव्हतं. सफारीवाल्याबरोबर असताना प्रत्येक नकारानंतर तिला आपण कुणाच्या तरी दारात काही मागायला गेलो होतो असं वाटायचं. आज वाटलं, आपण पाहुणे म्हणून गेलो होतो.

*

पाचव्या जागेचं शटर मध्येच अडकलं.

दोघं आत होती. बाहेर पावसाची सर आली, म्हणून त्याने शटर थोडं खाली ओढलं. ते धाडकन गुडघ्यापर्यंत खाली आलं आणि तिथेच बसलं. वर जाईना, खाली येईना. त्याने जोर लावला, जुडग्यातल्या निम्म्या किल्ल्या घालून पाहिल्या, मग केसांतली धूळ झटकत तिच्याकडे वळला.

"हा दोष मला माहीत नव्हता," तो म्हणाला. तो खराखुरा खजील झाला होता. "मालकाला फोन केलाय. येतोय."

मग दोघं एका उलट्या ठेवलेल्या लांबट खोक्यावर बसली. मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. शटरखालच्या फटीतून ओला रस्ता दिसत होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय. उडणारे शिंतोडे आत येऊन धुळीत काळे ठिपके करत होते.

"त्या चपला बघा," तो म्हणाला. "बाई पुढे जाते, थांबते, पुन्हा मागे येते. घरी छत्री विसरलीय."

"नाही. कुणाची तरी वाट बघतेय."

"पावसात?"

"पावसातच," ती म्हणाली, आणि एवढ्यात पुरुषाचे मोठे बूट पळत पळत आले, चपलांशेजारी थांबले, आणि मग चारही पाय एका छत्रीखाली असल्यासारखे अगदी जवळजवळ चालू लागले. ती त्याच्याकडे वळली आणि खळखळून हसली. जिंकल्यासारखी. त्याने तिला पहिल्यांदाच असं हसताना पाहिलं, आणि बाहेरचे पाय बघायचेच विसरला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही प्रत्येक जागेचा दोष आधी सांगता. असा धंदा चालतो?"

"कसाबसा." तो किल्ल्या बोटांत फिरवत राहिला. "सुरुवातीला मी दोष लपवायचो. लोक नंतर शिव्या घालायचे. मग सरळ सांगायला लागलो, तर ऐकूनच पळायचे. एकदा चुकून हसत सांगितला... आणि तो माणूस थांबला. हसला. आणि मग विचार करायला लागला, की एवढं आपल्याला चालेल का. हसलेला माणूस घाबरत नाही, डॉक्टर. मी ज्यावर विनोद करतो ना, ते सगळं खरं असतं."

"आणि ज्यावर करत नाही?"

तो काही बोलणार होता. पण बाहेर मालकाची हाक आली, शटर कुरकुरत वर गेलं, आणि सगळा उजेड एकदम आत आला.

त्यानंतर मात्र काहीतरी बदललं. तो रोज येई, जागा दाखवी, पण विनोद कमी कमी होत गेले. कधी अर्ध्यावरच थांबत. ती स्वतःशी म्हणाली, कंटाळला असेल. मग म्हणाली, कंटाळला तर कंटाळला, मला जागेशी मतलब. मग त्या रात्री आईने दोनदा विचारलं, "अगं, जेवतेस ना नीट?"

*

महिना संपत आला होता. दवाखान्यातली अर्धी कपाटं रिकामी झाली होती. एका दुपारी ती दादाशी फोनवर बोलत होती.

"नाही रे मिळाली अजून... हो, माझ्या लक्षात आहे मी काय कबूल केलंय... दादा, महिना संपला नाहीये अजून. संपला की बोल."

तिने फोन ठेवला. समोर एक वयस्कर बाई आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याचा कान दुखत होता.

"जागा शोधतेयस का गं?" बाईंनी विचारलं.

"हो. दवाखान्यासाठी."

"अगं बाई! मग आमच्याकडे आहे की! यांचं शिंपीकामाचं दुकान होतं, घराखालीच. हे गेल्यापासून बंद आहे. मोठं दार, मागे अंगण, अंगणात नळ. मला तर कुत्रीमांजरं असली की बरंच वाटतं. भाच्याला कधीची म्हणतेय, दे कुणाला तरी. तर म्हणतो, थांब आत्या, योग्य माणूस मिळू दे. स्वतः जगाला जागा दाखवत हिंडतो, आणि घरचीच..."

तिचा कापूस धरलेला हात थांबला.

"जगाला... जागा दाखवतात?"

"एजंट आहे ना तो. किल्लीवाला म्हणतात त्याला."

तिने कुत्र्याचा कान साफ केला. औषधाचे थेंब घातले. किती वेळा घालायचे ते नीट समजावून सांगितलं. मग हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "आत्या, जागा आत्ता बघता येईल?"

*

दार खरोखर मोठं होतं. एखादं वासरू सहज आत आलं असतं. फरशी जुनी पण कुठे फुटलेली नव्हती. मागच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. ती अंगणात गेली, नळ सोडून पाहिला. आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ, जोरदार धार. तिने भिंतींवर हात फिरवला. कोरड्या होत्या. छताकडे पाहिलं, कोपऱ्यांत पाहिलं, शेजारी कसला आवाज आहे का ते कान देऊन ऐकलं. तिने एकही गोष्ट सोडली नाही, आणि एकही दोष तिला सापडला नाही. जसजसा तो सापडेना, तसतसा तिचा राग वाढत गेला.

बाहेर किल्ल्यांचा आवाज आला. दारात तो उभा होता. त्याने आधी आत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आत्या," तो म्हणाला, "तू जरा वर जाशील?"

"जाते की. चहा ठेवते," आत्या म्हणाल्या, आणि जिन्यापाशी जाऊन पुन्हा वळल्या. "पण योग्य माणूस तू शोधणार होतास ना? मला तर ही पहिल्या फेरीत सापडली."

आत्या गेल्या. ती हाताची घडी घालून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बोला. या जागेचा दोष काय?"

तो कमरेच्या जुडग्याशी चाळा करू लागला.

"ओल? नाही. पाणी? भरपूर. मालकीण? सोन्यासारखी. तुम्ही मला गळकी दुकानं दाखवलीत, बुटकी दुकानं दाखवलीत, शटरमागे कोंडलंत... आणि ही जागा तुमच्या पायाखाली होती. माझा महिना संपत आलाय. का लपवलीत?"

"दोष आहे," तो अखेर म्हणाला. "वर मी राहतो."

"त्यात काय दोष?"

"मला तुम्हाला काही सांगायचं होतं. पहिल्या दिवसापासून नाही... म्हणजे कदाचित पहिल्याच दिवसापासून." त्याने किल्ल्यांचा जुडगा काढून खिडकीत ठेवला, बहुतेक हातांना काय करावं ते कळत नव्हतं म्हणून. "तुम्ही इथे आला असता, आणि मग मी बोललो असतो, तर तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं असतं. मालकीण माझी आत्या. मी रोज याच दारासमोरून जाणार. आणि मी आधी बोललो असतो, तुम्ही नाही म्हणाला असता, तर ही जागा तुमच्या हातून गेली असती. मग ठरवलं, आधी दुसरीकडे चांगली जागा मिळवून देतो. तुमचं काम होऊ दे. मग मोकळेपणाने विचारतो. वाटलं होतं, मिळेल. मिळाली नाही."

"आणि मिळाली नसतीच, तर? मी त्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन सह्या करत बसले असते. तुमच्या मनातल्या गोष्टीसाठी!"

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. आज हेच सांगायला तुमच्याकडे गेलो होतो. दवाखाना बंद दिसला."

त्याने एकही विनोद केला नव्हता. चेहरा असा झाला होता, जणू कुणी त्याच्या हातातून त्याचं एकुलतं एक हत्यार काढून घेतलं आहे. ती त्याच्याकडे बघत राहिली. राग अजून होता. पण माणसाने आपल्याला 'नाही' म्हणायची मोकळीक राहावी म्हणून एवढा उलटासुलटा खटाटोप करावा... असं तिच्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं. दादानेसुद्धा.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता माझं ऐका. ही जागा मी घेतेय. करार आत्यांशी होईल, समोरासमोर. मध्ये एजंट नको."

"बरोबर आहे."

"म्हणजे या क्षणापासून तुम्ही माझे एजंट नाही."

"नाही," तो हळूच म्हणाला.

"आणि करारात मी लिहून घेणार आहे, की वर राहणाऱ्या कुणाशीही माझं पटलं, न पटलं, तरी जागा माझ्याकडेच राहील. म्हणजे मला हो म्हणायलाही कुणाची भीती नको आणि नाही म्हणायलाही." ती एक पाऊल पुढे आली. "आता बोला. मोकळेपणाने. पण तुमच्या पद्धतीने. दोष आधी."

"कुणाचे?"

"तुमचेच. मी बघितल्याशिवाय काही घेत नाही."

त्याने खिडकीतली धूळ बोटाने पुसली. मग घसा खाकरून म्हणाला, "बांधकाम तसं नवं आहे, पण छप्पर आत्तापासूनच विरळ व्हायला लागलंय. सकाळी फार उशिरा उजाडतं. आत्या आणि ती करडी मांजर सोबतच येतात, वेगळ्या काढून मिळणार नाहीत. आणि... भीती वाटली की विनोद करतो. फार भीती वाटली की तोही जमत नाही. आत्ता... जमत नाहीये."

"आणि चांगलं काय आहे?"

"ते गिऱ्हाइकाने स्वतः बघायचं असतं."

"बघितलंय," ती म्हणाली.

वरून भांड्यांचा आवाज आला. खिडकीतलं ऊन आता त्याच्या बाहीवर आलं होतं. तिने हात पुढे केला आणि त्या बाहीवरची धूळ हलकेच झटकली. धूळ जायला लागला असता त्यापेक्षा जास्त वेळ लावून.

"उद्या दादाला आणि आईला घेऊन येते," ती म्हणाली.

"जागा दाखवायला ना? मी झाडून ठेवतो. दादांना कोपरे दाखवू, अंगण—"

"जागा मी पक्की केलीय. त्यात दादाला काय विचारायचं? दाखवायचंय ते वरच्या मजल्यावर राहतं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो उभ्या उभ्याच आपले विरळ केस नीट करू लागला.

"अहो," ती बाह्या वर करत म्हणाली, "नुसते उभे काय राहिलात? बादली आणा. फरशी आजच धुऊन टाकू."